रस्त्याला घर देणारे घरमालक

रस्ता रुंद करा आणि सुरुवात माझ्या घरापासून करा, असं म्हणत महापालिकेचे उंबरे झिजवणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला असेल, आणि मी नेमका त्याचाच भाडेकरू होतो. एरवी रस्तारुंदीचं नाव निघालं की माणूस आधी वकील गाठतो, मग देव गाठतो आणि शेवटी नगरसेवकाचा मेहुणा गाठतो. आमच्या घरमालकांची तऱ्हाच उलटी. एका सकाळी मी अंगाला साबण लावून नळाखाली बसलेलो असताना ते मोरीच्या दाराशी आले आणि बाहेरूनच म्हणाले, "बाबूजी, खुशखबर आहे. नवीन नकाशात तुमची खोली पुरी जाऊन राहिली." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की साबण गेलेल्या डोळ्यांनी मीही "वा, वा" म्हणून गेलो. जाणारी खोली आपली आहे, हे डोकं पुसताना लक्षात आलं.

ते बँडमास्तर होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. उमरेडहून बदली होऊन मी नागपुरात आलो, तेव्हा शहरातल्या एका जुन्या तलावाच्या काठी, रस्त्याला लागून असलेली त्यांची पुढची खोली मला मिळाली. खोली बघायला गेलो तर त्यांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. घरात माणसं किती, एवढंच विचारलं. मी, बायको आणि पाळण्यातली मुलगी, असं सांगितल्यावर ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे दोन क्लॅरिओनेट आन् एक बिगुल. मावते." माणसं ते वाद्यांतच मोजत. गल्लीतल्या जाड्या शिंप्याला ते मोठा ढोल म्हणत आणि त्याच्या किरट्या आवाजाच्या बायकोला बासरी. आमच्या मुलीला त्यांनी शेवटपर्यंत बिगुलच म्हटलं, आणि तिच्या रडण्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट, "बाई वं, पोरीचा दम चांगला आहे, मोठी झाली की माझ्याकडे पाठव," असं माझ्या बायकोला सांगत.

लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झुपके, हा त्यांचा लग्नातला पोशाख. पण तो लग्नापुरता ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. रेशनच्या रांगेत तोच कोट, दाढ उपटायला तोच कोट. एकदा दवाखान्यात त्यांना बघून एका म्हातारीने घाईघाईने उठून विचारलं की मिनिस्टर आले काय. आणि चालणं! एकटे असले तरी ते रस्त्याच्या बरोब्बर मधून चालत, छाती पुढे, हातात नसलेली छडी वरखाली करत. मागून रिक्षावाले घंटी वाजवून थकत. मी एकदा त्यांना बाजूने चालायला सुचवलं, तर ते म्हणाले की पुढे चालणाऱ्याने बाजूला झालं की मागची सगळी रांग वाकडी होते. मागे कोणीही नव्हतं. पण त्यांच्या मागे बँड नाही असा क्षण त्यांच्या आयुष्यात बहुधा नव्हताच.

जगात दोनच प्रकारचे रस्ते आहेत, असं त्यांचं मत होतं. चार माणसं वाद्यं घेऊन शेजारी-शेजारी चालू शकतात तो रस्ता, आणि बाकीच्या बोळी. या हिशेबाने बर्डीच्या बाजारातला मोठा रस्ता हा रस्ता होता आणि स्वतःच्या घरापुढची ती तलावाकाठची चिंचोळी पट्टी ही बोळ होती. एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला पाणी. तिथे शिरलं की बँडला एकामागे एक व्हावं लागे, आणि ओळ इतकी लांब होई की पुढच्या क्लॅरिओनेटवाल्याचं गाणं संपायच्या बेताला मागच्या ढोलवाल्याचं सुरू होत असे. मास्तरांना हे दुखणं जिवाला लागलं होतं. दुसऱ्यांच्या दारी आपण राजासारखे वाजतो आणि आपल्या दारी भिकाऱ्यासारखे, असं ते म्हणत.

त्यातच ती कडब्याच्या गाडीची गोष्ट घडली. एका वरातीपुढे मास्तरांचा बँड तलावाकाठी शिरला आणि समोरून कडब्याने भरलेली बैलगाडी आली. गाडी मागे जाईना, वरात मागे जाईना. नवरदेवाच्या घोडीने मात्र तेवढ्यात कडबा पाहिला आणि जेवायला सुरुवात केली. नवरदेव लगाम ओढतो, घोडी मान हलवते, मुंडावळ्या कडब्यात अडकलेल्या, आणि त्या गर्दीत मोठा ढोल ढोलवाल्याच्या गळ्यातून सुटून घरंगळत तलावात गेला. ढोल छान तरंगला. ढोलवाल्याला पोहता येत नव्हतं. दोघांनाही बाहेर काढलं, पण मुहूर्त टळला आणि नवरीच्या आईला रडू कोसळलं. मास्तर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लाल कोट चढवून महापालिकेत गेले ते दोन वर्षं जातच राहिले.

रस्त्याचा प्रस्ताव तिथे जुनाच पडलेला होता. तलावाच्या बाजूला भराव घालता येत नव्हता, म्हणून रुंदी घ्यायची ती घरांकडूनच. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक सज्जन होते. त्यांनी सरळ सांगितलं की घरमालकांची राजीखुशी असेल तर सभेत मंजुरी आणतो, भांडण असेल तर आपण मधे पडत नाही. भांडण तर होतंच. प्रत्येकाचा ओटा जात होता, कोणाची अर्धी खोली जात होती. विरोधकांचे पुढारी होते शेजारचे पिठाच्या गिरणीवाले, मास्तरांचे लहानपणचे दोस्त. त्यांनी बोलणं टाकलं. गल्लीने लग्नाच्या सुपाऱ्या दुसऱ्या बँडला द्यायला सुरुवात केली. मास्तरांचे दोन जुने वाजवणारे दुसरीकडे गेले. मागच्या तालमीच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, टांगलेल्या वाद्यांवर धूळ दिसू लागली.

सगळ्यात मोठा विरोध तर घरातच होता. मास्तरीणबाईंची सगळी दुपार आणि संध्याकाळ ओट्यावर जाई. तांदूळ तिथे निवडायचे, वेणी तिथे घालायची, पाण्यावरून येणारा वारा तिथे घ्यायचा. मूलबाळ नव्हतं, येणारी-जाणारी माणसं हाच त्यांचा संसार. त्या भांडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, तेही नवऱ्याला नव्हे, माझ्या बायकोला: "यायले रस्ता पाहिजे वं. मले बसाले जागा पाहिजे. दोघंबी खरे आहोत, काय करतं?" मास्तरांनी हे आतून ऐकलं होतं. त्यानंतर आठवडाभर ते रस्त्याविषयी काही बोलले नाहीत, आणि माझ्या आठवणीत त्यांच्या गप्प राहण्याचा तोच एक आठवडा आहे.

मग पाहणीला समिती येणार असल्याची बातमी आली आणि ते पुन्हा पेटले. रुंदी किती हवी हे कागदावर कळत नाही, कानाने कळतं, असं त्यांचं म्हणणं. पाहणीच्या दिवशी त्यांनी उरलेल्या वाजवणाऱ्यांना चारच्या रांगेत उभं केलं आणि समितीच्या स्वागताला तलावाकाठी सोडलं. कडेचा क्लॅरिओनेटवाला दर दहा पावलांनी एकेका ओट्याला ठेचकाळत होता. ट्राँबोनवाल्याने खालचा सूर घ्यायला नळी पुढे सारली ती गिरणीवाल्यांच्या खिडकीतून आत गेली आणि फळीवरचा पिठाचा डबा घेऊन परत आली. समितीतले एक स्थूल सभासद भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या टोपीवर, मिशीवर, सगळीकडे ज्वारीचं पीठ. गिरणीवाले बाहेर येऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समिती गेली, प्रस्ताव पुन्हा लांबला, आणि मास्तर मला म्हणाले की काही म्हणा, बाबूजी, मुद्दा त्यांच्या अंगाला लागला.

त्याच उन्हाळ्यात गिरणीवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा काटोलचा, घरी संत्र्यांच्या बागा. ही मुलगी मास्तरांच्या ओट्यावर खेळून मोठी झालेली, पण अबोला म्हणजे अबोला. बँड बर्डीहून बोलावला. संध्याकाळी वरात तलावाकाठच्या बोळीच्या तोंडाशी आली तेव्हा आम्ही सगळे घरात बसलो होतो. मास्तर बनियनवर, पायजम्यात, पाठमोरे. बाहेर बँड बोळीत शिरला आणि विस्कटला. ताशा एकीकडे, क्लॅरिओनेट दुसरीकडे. मग वाजवणंच थांबलं. काटोलची माणसं काठावर दाटली, कोणीतरी घसरलं, बायका ओरडल्या. नवरदेवाचा मामा मोठ्या आवाजात म्हणत होता की असल्या गल्लीत आम्ही मुलगी करायला नको होती. गिरणीवाले हात जोडून त्याच्यापुढे उभे होते.

मास्तर उठले. कोट घालायचीही शुद्ध त्यांना नव्हती. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण बोलावलेलं नव्हतं. तेव्हा त्यांच्या बाजूने वाट काढत मास्तरीणबाई बाहेर गेल्या. ओट्यावरचं तांदळाचं सूप त्यांनी उचललं, चटई गुंडाळली आणि त्या परक्या बँडवाल्यांना म्हणाल्या, "चढा रे ओट्यावर. एक रांग वरून चालू द्या."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मास्तरांना कळलं. ते बनियनवरच खाली उतरले आणि हाताच्या इशाऱ्यांनी त्या विस्कटलेल्या माणसांना लावू लागले. एक रांग ओट्यांवर, दोन रस्त्यावर, पाण्याच्या बाजूला थोराड माणसं. पुढच्या घरच्या शिंपिणीने आपल्या ओट्यावरची खाट आत ओढली. त्याच्या पुढच्यांनी पायरीवरचे माठ उचलले. एकेक दार उघडत गेलं, एकेक ओटा रिकामा होत गेला, आणि वर्षभर ज्यांनी इंचभर जागा द्यायची नाही अशी शपथ घेतली होती त्यांच्या ओट्यांवरून बर्डीचा बँड वाजत गेला. क्लॅरिओनेटवाले ओट्यावरून ओट्यावर उड्या मारत होते, पण सूर तुटला नाही. पुढे उघड्या दंडांचे, पायजम्यातले आमचे घरमालक, रस्त्याच्या बरोब्बर मधून. काटोलचा मामासुद्धा नाचला.

पाठवणीनंतर गिरणीवाले आमच्या दारी आले. डोळे सुजलेले होते. ते आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. मास्तर बाहेर येऊन त्यांच्या शेजारी टेकले. मग गिरणीवाले म्हणाले, "माझा ओटा लिहून घे गा त्यायच्या कागदावर." मास्तर म्हणाले, "आधी जेवून घे." एवढंच. लहानपणच्या दोस्तीला फार शब्द लागत नसावेत.

गिरणीवाल्यांमागोमाग बाकीच्यांनीही सह्या दिल्या, आणि मंजुरीच्या सभेला मास्तर मला रजा घ्यायला लावून घेऊन गेले. कोटाच्या बटणांना चिंचेने घासून लकाकी आणलेली. बगलेत फुंकायचं पितळी कॉर्नेट होतं, ते दारावरच्या शिपायाने ठेवून घेतलं. प्रेक्षकांच्या बाकावर आम्ही सकाळपासून बसलो. मोकाट कुत्र्यांवर चर्चा झाली, नळांवर झाली, एका सभासदाने दिवाबत्तीवर कविता म्हटली. मास्तरांना वाटत होतं की आपल्या रस्त्यावर दिवसभर खडाजंगी होईल. दुपारी कोणीतरी विषयाचा क्रमांक वाचला, कोणीतरी "मंजूर" म्हणालं, आणि पुढचा क्रमांक आला. ते तरीही पुढे वाकून बसलेलेच. मी हळूच सांगितलं की मास्तर, झालं. त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. "असं? कोणी भांडलं बी नाही?" त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. पण बाहेर आल्यावर त्यांनी शिपायाकडून कॉर्नेट घेतलं, पायरीवर उभे राहिले आणि असा एक उंच सूर लावला की झाडावरचे कावळे उडाले. शिपाई ओरडला नाही. तो म्हणाला की माझ्या पोरीच्या लग्नात याल काय.

कुदळी आल्या तेव्हा पहिला घाव मास्तरांनी स्वतः घातला. आमची खोली गेली, पण आम्ही नाही गेलो. तालमीची खोली झाडून, चुना देऊन त्यांनी आम्हाला दिली आणि तालीम तलावाकाठच्या कडुनिंबाखाली हलवली. बायकोने संकोचून विचारलं, तर म्हणाले की ढोलाला कशाला पाहिजे छप्पर, त्याचं कातडं आधीच मेलेलं आहे. बिगुलाला छप्पर पाहिजे. मास्तरीणबाईंसाठी त्यांनी रुंद रस्त्याच्या कडेला एक दगडी बाक रचून दिला. त्या तिथे तांदूळ निवडू लागल्या, आणि वारा पहिल्यापेक्षा जास्त येतो हे त्यांनी कबूल केलं. मात्र नवऱ्यासमोर नाही.

डांबर पडायला आणखी एक पावसाळा गेला. तोवर मास्तरांना दमा लागला होता. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक पहिल्यांदा तलावाकाठून निघाली. मास्तर लाल कोटात पुढे होते, पण आमच्या घरापाशी आले आणि त्यांना धाप लागली. छडी त्यांनी एका शिष्याच्या हातात दिली आणि ते येऊन बाकावर बायकोशेजारी बसले. मी पाणी घेऊन धावलो. त्यांनी हातानेच थांबवून मला शेजारी बसवलं.

समोरून बँड जात होता. चारच्या रांगा, पितळेवर ऊन, एक पाऊल, एक सूर. मग रांगा गेल्या, मागची निळी निशाणं गेली, माणसं गेली, आणि वळणापलीकडे आवाज पाण्यावरून बारीक होत जाऊ लागला. मास्तर मान तिरपी करून ऐकत होते. आयुष्यभर ते बँडच्या पुढे चालले होते.

"दूर जातानाचा बँड मी कधी ऐकलाच नव्हता गा," ते म्हणाले. मास्तरीणबाईंनी तांदळात फिरणारा हात थांबवला. पूर्ण ऐकू येईनासं होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.