स्टार मारायला कोणी सांगितलं?

अन्याय झाला तो आमच्या कॉम्प्युटर रूममधल्या ऑपरेटर ताईंवर. सोमवार, पहिली शिफ्ट, सकाळचे पावणेसात. चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर त्यांनी कार्ड लावलं आणि मशीनने ते घेतलं नाही. चौदा वर्षं कंत्राटावर राबलेल्या बाईला ‘आता येऊ नका’ हे सांगायची ही पद्धत. मी रांगेत त्यांच्या मागेच होतो.

गुन्हा काय, तेही ऐका. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसणारा आमचा जुना कॉम्प्युटर अजून अख्खी कंपनी चालवतो. परदेशातलं हेड ऑफिस त्यावर फाइली बनवतं आणि नावात स्वतःच्या भाषेतली, डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं घालतं. ती आमच्या कीबोर्डवर नाहीत. आमच्या पडद्यावर त्यांच्या जागी भलतंच चिन्ह उमटतं. त्यामुळे मेलमध्ये एक नाव, समोर दुसरंच. अशी फाइल पुसायचा मेल आला की आम्ही सगळे एकच करायचो. नावाची पहिली तीन अक्षरं टाइप करायची, पुढे स्टारचं (*) चिन्ह. त्या तीन अक्षरांनी सुरू होणारं सगळंच पुसलं जायचं.

आदल्या शुक्रवारी असाच मेल आला. ताई आमच्या खोलीच्या साहेबांना म्हणाल्या, “मारते स्टार, पण तुमी लिहून द्या.”

“लिहून काय द्यायचं? लग्नपत्रिका आहे का ताई? मारा आणि व्हा मोकळ्या.”

खोली हसली.

ताईंनी स्टार मारला. त्याच तीन अक्षरांची नवी फाइल हेड ऑफिसने त्याच आठवड्यात बनवली होती, डिस्पॅचची, म्हणजे कुठला माल कुठे पाठवायचा त्याची. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. तीही गेली. भरलेले ट्रक संध्याकाळपर्यंत गेटच्या आत उभे राहिले. शनिवारी चौकशीत साहेब म्हणाले, “मी असं काही सांगितलंच नाही.”

स्टार मारायला साहेबांनीच सांगितलं होतं, असं पत्रक मी लिहिलं. खोलीत माझ्याशिवाय आणखी दोघे ऑपरेटर. एक म्हणाला, “राव, पोरगी दहावीला आहे, मला नको ओढू.” दुसऱ्याने फोनच उचलला नाही. एकट्या माझ्या सहीचं पत्रक एचआरने घेतलं, त्यावर ‘वैयक्तिक तक्रार’ लिहिलं आणि परत दिलं.

ते घेऊन कुरुळीला ताईंच्या घरी गेलो. त्या कामगारांच्या डब्यांसाठी भाजी चिरत होत्या. कागद त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

“आरं, आता कशाला? तवा बोलला व्हतास का?”

नव्हतो. त्या खोलीत मीही हसलो होतो.

ताई परत येणार नाहीत. त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते, आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला स्टार शिकवला. नावं तशीच येतात, टिंबांसकट.

तुम्हीही अशाच कुठल्या खोलीत बसत असाल. तिथे कोणी “लिहून द्या” म्हणालं, तर हसू नका. उठा, त्या खुर्चीशेजारी उभे राहा आणि तो कागद साहेबांकडे तुम्हीही मागा. चौकशीत नाही. तेव्हाच, स्टार मारायच्या आधी.