देवळ्याचे मौनीबाबा आणि आमचे इन्स्पेक्टर

आमचे इन्स्पेक्टर कुणाहीसोबत ध्यानाला डोळे मिटण्याआधी त्याची गुरुपरंपरा तपासत. "तुमचे गुरू कोण? त्यांचे? आणि त्यांचे?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला की चष्म्यावरून बघत म्हणत, "कागद अपुरे आहेत." ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी उभा जन्म सुटे भाग तपासले होते. कुठल्या धातूचा, कुणाच्या हातचा, हे कागदावर नसेल तर साधा बोल्टही ते पुढे जाऊ देत नसत. निवृत्तीनंतर तोच नियम त्यांनी ध्यानाला लावला.

नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये रोज सकाळी आम्ही दहा-पंधरा निवृत्त माणसं ध्यानाला बसत असू. निम्मे हिंदू, निम्मे बौद्ध. ध्यान वीस मिनिटं, वाद तासभर. बौद्धांकडून इन्स्पेक्टर, हिंदूंकडून मी, शाळेतला संस्कृतचा मास्तर. मी म्हणायचो, समाधी ही योगाची आठवी, शेवटची पायरी. ते म्हणत, "सर, आमच्यात समाधी मधे येते, पुढे प्रज्ञा असते. तुमची गाडी इगतपुरीलाच थांबते, आमची घाट उतरते."

"म्हणजे खालीच जाते ना," मी म्हणालो.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चप्पल काढता काढता म्हणाले, "समुद्र खालीच असतो, सर."

मग पुढच्या आसनावर बसून घंटा कुणी वाजवायची, हा प्रश्न निघाला. इन्स्पेक्टरांनी रजिस्टर आखलं. ज्याच्या गुरूंच्या तीन पिढ्या भरतील, त्याचं आसन. खरं तर ते त्यांचंच होतं. ते असे बसत की नाकावरची माशीसुद्धा कंटाळून उडून जाई. पण त्यांना ध्यान शिकवलं होतं पावसाळ्यात विहारात वर्षावासाला आलेल्या एका भन्तेंनी, आणि त्या भन्तेंना त्यांच्या गुरूंचं नाव विचारलं तर ते नुसते हसले होते. इन्स्पेक्टरांनी स्वतःचा रकाना रिकामा सोडला. "दुसऱ्याचा माल परत पाठवायचा आणि आपला दामटायचा, हे जमणार नाही."

मला ते आसन फार हवं होतं. मी सांगितलं, माझे गुरू देवळ्याचे मौनीबाबा. तेरा वर्षं मौनात होते. वरच्या दोन पिढ्यांसाठी जुन्या हजेरीपटातली दोन मुलं आठवली, त्यांना 'नाथ' जोडलं. इन्स्पेक्टरांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

मौनीबाबा म्हणजे माझे मामा, कांद्याचे आडते. लोकांनी फोटो मागितला तेव्हा त्यांच्या लग्नातला नेला, कारण त्यात फेटा होता. शेजारच्या मामीला कापलं, पण तिचा बांगड्यांचा हात मामांच्या खांद्यावर राहून गेला. तो देवीचा वरदहस्त आहे असं कुणीतरी ठरवलं. पुण्यतिथीला शिराही होऊ लागला. मी अकरा वर्षं घंटा वाजवली आणि इन्स्पेक्टर अकरा वर्षं मागच्या रांगेत, चपलांशेजारी बसले.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, त्यांच्या सूनबाई चहा ठेवून आत गेल्या, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "रजिस्टरात नाव उतरवलं त्याच महिन्यात देवळ्याला जाऊन आलो. तुमच्या मामी म्हणाल्या, 'मौन कसलं? माझ्याशी बोलायचा नाय, बाजारात लय वरडायचा.'"

"मग बोलला का नाहीत?"

"आसन मिळाल्यापासून तुम्ही वेळेवर यायला लागलात. भांडणंही कमी केलीत. कारखान्यात कधी कधी भाग मापात नसतो, पण धोका नसतो, काम भागतं. तेव्हा साहेब सही करतो, कन्सेशनवर पास." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "फोटोतला हात मात्र नीट कापायला हवा होता."

महिन्याभराने ते गेले. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर खरं सांगितलं. कुणी मानलं नाही. एक आजी म्हणाल्या, "बघा, किती नम्र आहेत सर." फोटो अजून तिथेच आहे, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आता मी मागच्या रांगेत, चपलांशेजारी बसतो. परवा एका नव्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचे गुरू कोण?"

"ओझरचे इन्स्पेक्टर."

"आणि त्यांचे?"

"एक भन्ते. नाव माहीत नाही."

"त्यांच्या वर?"

"रकाना रिकामा आहे," मी म्हणालो, आणि डोळे मिटले.