बॅटरी नसलेल्या गाडीचा हॉर्न

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी पूर्वी हसायला म्हणून वाचायचे. जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळ्या खिदळायचो. राग आला तर येऊ द्या, पण खरं तेच सांगते. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये आहे. चारशे दाणे ओल्या कागदात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही... एक गोष्ट सोडून.

आधी गाडीबद्दल सांगते.

घरात आम्ही सहाजण – मी, माझे मिस्टर संदीप, लेक ओवी, सासू-सासरे आणि धाकटा दीर कैलास. जुन्या छोट्या कारमध्ये सासऱ्यांचे गुडघे मावेनात. नवीन सात सीटर बघायला गेलो, तर ऑन-रोड किंमत ऐकून शोरूममधला चहा तसाच राहिला. शेवटी अंबडच्या एका निवृत्त मास्तरांची आठ वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही घेतली. मास्तर पावणेसात लाखांवर अडून बसले होते. सासूबाई मागच्या सीटवर बसून आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मागचा एसी तर नुसता गरम वारा फेकून राह्यला." सौदा सव्वासहा लाखांना पटला.

दुखणी तिला होतीच. क्लच इतका जड की अंबड चौफुलीच्या गर्दीत माझी पोटरी भरून यायची. खड्ड्यातून गेली की खालून कटकट. अ‍ॅव्हरेज बाराच्या वर कधी दिलं नाही. आणि बॅटरी... ती दर काही महिन्यांनी बसायची. आमचे मेकॅनिक रशीदभाई म्हणायचे, "भाभी, या मॉडेलला ही बीमारीच हाय." पण काळ्या मातीच्या चिखलात जिथं ट्रॅक्टर रुतला, तिथून ही गाडी सहा माणसं आणि गव्हाची दोन पोती घेऊन निघाली होती. मी तिच्यावर जीव टाकायचे, हे कबूल करते.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. अंतरवाली सराटीच्या अलीकडे संदीपच्या मामांचं शेत आहे, शेतातच घर. मामांच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी गाडी गोठ्यामागं बाभळीच्या सावलीत लावली. दुपारी बर्फ आणायला संदीप निघाले, तर गाडी चालूच होईना. बॅटरी पुन्हा बसली होती.

त्यांनी चारी दारं उघडली, आतलं आहेराचं सामान काढून घरात दिलं, बॉनेट दांडीवर टेकवून बॅटरी काढली. मग आतल्या खुंट्या दाबून दारं लावली, ड्रायव्हरचं दार किल्लीनं बंद केलं, किल्ली खिशात टाकली. कैलासनं मोटरसायकल काढली आणि दोघं वडीगोद्रीला गेले – बॅटरी चार्जिंगला टाकायला आणि बर्फ आणायला.

या सगळ्या गडबडीत चार वर्षांची ओवी गाडीत चढून पार मागच्या सीटवर झोपली होती, हे कुणालाच कळलं नाही. काचांना जाळीचे पडदे होते. मला वाटलं ती सासूबाईंकडे आहे, सासूबाईंना वाटलं माझ्याकडे.

मी पंगतीत वाढत होते. आणि हॉर्न वाजला.

आमच्या गाडीचा हॉर्न शंभरात ओळखू येतो. मास्तरांनी कुठूनसा दोन सुरांचा बसवून घेतला होता, आणि त्यातला दुसरा सूर घसा बसल्यासारखा निघायचा. सलग तीनदा वाजला. पंगतीतल्या सगळ्यांनी ऐकला. मामा म्हणाले, "संदीप आला वाटतं. लई जल्दी आला की."

बर्फ उतरवून घ्यायला मी घमेलं घेऊन गोठ्यामागं गेले. तिथं कुणीच नव्हतं. मोटरसायकल नव्हती. बॉनेट तसंच उघडं, बॅटरीची जागा रिकामी, वायरी बाजूला लोंबत होत्या. सावली केव्हाच सरकली होती, गाडी भर उन्हात. रस्त्यावरून दुसरी कुठली गाडी गेली असेल, असं म्हणून मी वळले.

तेवढ्यात तो पुन्हा वाजला. माझ्या समोर! माझा हात तापलेल्या पत्र्यावर होता आणि तो पत्रा हाताखाली थरथरला. हे मी आजही कुणासमोरही सांगेन.

कुणी चेष्टा करतंय म्हणून उघड्या बॉनेटच्या बाजूनं पुढच्या काचेतून वाकून पाहिलं. सीटवर कुणी नाही. आणि पार मागं, सीटच्या कडेवरून लोंबणारा एक पाय दिसला. पैंजण घातलेला.

पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी दगड मारत होते आणि काच फुटत नव्हती. "मामा... ओवी!" एवढंच ओरडले. मामा कुदळ घेऊन धावत आले, "बाजूला हो पोरी!" म्हणत एका घावात काच फोडली. ओवी भट्टीसारखी तापली होती, हाक मारली तर डोळे उघडेनात. सासूबाईंनी स्वतःचा पदर हौदात बुडवून तिला गुंडाळलं. एका पाहुण्याच्या टेम्पोतून वडीगोद्रीचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं गेली असती तर..." सलाईन लागलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

संदीप बाजारातून धावत दवाखान्यात आले होते. मी म्हटलं, "अहो, हॉर्न वाजला म्हणून तर गेले मी."

"कोणता हॉर्न?" ते म्हणाले. "बॅटरी तर वडीगोद्रीला चार्जिंगला होती."

पुढच्या आठवड्यात रशीदभाईंनी अर्धा दिवस घालवून अख्खं वायरिंग तपासलं. लपवलेली दुसरी बॅटरी नाही, काही नाही. शेवटी हात पुसत म्हणाले, "बॅटरी नसली की गाडी म्हंजे बिलकुल डब्बा, भाभी. हॉर्नच काय, लाइटसुद्धा लागणार न्हाई." मी म्हटलं, "मग मी काय ऐकलं?" त्यांनी बॉनेट अलगद खाली लावलं. "अच्छी गाडी हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवशीची मजुरी काही केल्या घेतली नाही.

ओवीला विचारलं. ती म्हणाली, "मी झोपलेली होते."

सासूबाई दसऱ्याला गाडीला हार घालतात, तशा आता सणवार नसतानाही घालतात. मी हसत नाही. मागच्या वर्षी एकानं साडेपाच लाख देऊ केले, तर संदीपनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. क्लच बदलला, बॅटरी बदलली, मागचा एसी अजून तसाच आहे.

तुमच्यात कुणी ऑटो-इलेक्ट्रिशियन असेल तर जरूर लिहा. मला खरंच उत्तर हवंय, चेष्टा नाही. मला अजून सापडलेलं नाही.

गाडी लावली की मी आता पडदे सारून प्रत्येक सीट हातानं चाचपून बघते. मागची दोनदा. लोक बघतात, बघू देत. जे माझं काम होतं ते एकदा या गाडीला करावं लागलं... पुन्हा लागू नये.