रक्तपिपासूचा मूळ कागद

माझ्या हातून चूक होत नाही, हे वाक्य मी चोवीस वर्षं बिनदिक्कत उच्चारत आलो. हल्ली घरात ते मला कोणी पूर्ण करू देत नाही. का, ते सांगतो. पण चहा संपेपर्यंत मध्ये हसायचं नाही.

तुम्ही मला ओळखता. नाशिकच्या एका दैनिकात आयुष्य घासलं. पाणीटंचाईपासून कुंभमेळ्यापर्यंत सगळं लिहिलं आणि जवळजवळ सगळ्यांशी भांडलो. पण माझ्या नावाच्या बातमीसाठी 'चूकदुरुस्ती' नावाची ती चार ओळींची चौकट कधी छापावी लागली नव्हती. एकदाही नाही. ऑफिसात नवीन पोरं आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मूळ कागद पाहिलास का?" पोलिसांनी सांगू दे, मंत्र्याने सांगू दे, ब्रह्मदेवाने येऊन सांगू दे, मूळ कागद पाहिल्याशिवाय ओळ छापायची नाही. पोरं माझ्या पाठीमागे मला 'मूळ कागद' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

तर दोन हजार नऊ-दहाचा सुमार. आमची मुक्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. महिनाभर तिच्या हातात काळ्या कव्हरचं, विटेएवढं इंग्रजी पुस्तक. एक संपलं की तसंच दुसरं. जेवताना ताटात भाजी संपली की पोळी, हे तिला कळेनासं झालं, तेव्हा मी चौकशी सुरू केली.

"हे काय वाचतेस?"

"व्हॅम्पायरची गोष्ट आहे, बाबा."

"भुताची?"

"भूत नाही हो. लव्ह स्टोरी आहे. हिरो व्हॅम्पायर आहे."

"म्हणजे करतो काय?"

"रक्त पितो."

"कोणाचं?"

"तसं कोणाचं नाही. कंट्रोल करतो. हिरॉइनवर प्रेम आहे ना त्याचं."

"आणि तिचं?"

"तिचंही आहे."

"रक्त पिणाऱ्या माणसावर?"

स्वयंपाकघरातून शैलाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, आवाज आला, "बायका करतात हो तडजोड."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. उलटतपासणी पुढे चालवली आणि एकेक प्रकार बाहेर येऊ लागला. हा हिरो तिच्या मागे मागे फिरतो. तिने कोणाशी बोलावं, कोणाशी नाही, हे तोच ठरवतो. ती झोपलेली असताना खिडकीतून आत येऊन तिच्याकडे बघत बसतो.

"आणि हे तिला आवडतं?"

"गोष्टीत आवडतं," मुक्ता म्हणाली.

आता बघा, 'गोष्टीत' हा शब्द मला ऐकू यायला हवा होता की नाही? चोवीस वर्षांचा बातमीदार मी. पण डोक्यात लेखाचा मथळा तयार झालेला असला की कान काम करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांच्या टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, शहरातल्या पोरींच्या डोक्यात विष चाललंय. पाठलाग म्हणजे प्रेम, पहारा म्हणजे काळजी, असं शिकवतायत. आपण गप्प बसायचं?

"रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आहे," संपादक म्हणाले. "पुस्तक वाचलंत?"

"वाचतोय."

वाचत होतो, हे खरं. अकरा पानं वाचली होती आणि अकराव्याचा कोपरा दुमडून ठेवला होता. इंग्रजी सोपं होतं, पण अकराव्या पानापर्यंत रक्ताचा थेंब नव्हता आणि हिरो उगवलाच नव्हता. पुढची चारशे नव्वद पानं शनिवारपर्यंत कोण वाचणार?

आणि शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, त्या काळ्या पुस्तकाखाली, मुक्ताची लांबट वही दिसली. घरात कोणी नव्हतं. शैला दोन दिवसांसाठी नाशिक रोडला भावाकडे गेली होती, मुक्ता कॉलेजात. पोरीची वही उघडावी का, हा प्रश्न मला पडला. बातमीदाराला पडतो तसाच पडला, म्हणजे वही उघडल्यानंतर. एका पानावर तिच्या गोल अक्षरात शीर्षक होतं, 'त्याची वाक्यं'. खाली चार वाक्यं. मराठीत. पोरीने जणू माझ्यासाठीच भाषांतर करून ठेवलं होतं.

ती चार वाक्यं आणि त्यावर मी लेखात काय लिहिलं, ते सांगतो. शरमेने सांगतो, पण सांगतो.

पहिलं वाक्य: 'तू कोणत्या रस्त्याने जातेस, कुठे थांबतेस, कोणाशी हसतेस, हे सगळं मला ठाऊक असतं.' मी लिहिलं, याला प्रेम म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. पोलीस ठाण्यात यासाठी वेगळी वही असते.

दुसरं: 'तू परक्याशी बोललीस की माझं रक्त उकळतं.' मी लिहिलं, पाहा, नायकाच्या डोक्यात रक्ताशिवाय दुसरा विषयच नाही.

तिसरं: 'तुझी मान पाहिली की माझी तहानभूक हरपते.' इथे तर मी सुटलोच. मी लिहिलं, मान आणि तहान एकाच वाक्यात. कसली तहान, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

चौथं: 'मी वाईट आहे. मला सुधारण्याची ताकद फक्त तुझ्यात आहे.' यावर माझा शेरा होता की मुलगी म्हणजे सुधारगृह नव्हे. आणि जाता जाता लेखकाच्या शैलीचाही समाचार घेतला. असली भिकार, शिळी वाक्यं आमच्या ऑफिसात कोणी लिहिली असती तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता, असं लिहिलं. शेवट केला तो असा: 'हे लिहिणारा माणूस एखाद्या बापाच्या हाती लागला, तर बापाने पायातली वहाण हातात घ्यावी.'

रविवारी सकाळपासून फोन. अंबडहून एका फोरमनचा, ओझरहून एका बापाचा. त्याने तर मुलीची पाच पुस्तकं माळ्यावर टाकली होती. अकराच्या सुमारास एका कॉलेजातून प्राध्यापकबाई बोलल्या, "सर, योगायोग बघा. उद्या आमच्याकडे याच विषयावर वादविवाद स्पर्धा आहे. 'रक्तपिपासू प्रेमकथा तरुण मुलींना बिघडवतात.' उद्घाटनाचे पाहुणे आयत्या वेळी गळाले. तुम्ही याल?"

न यायला काय झालं?

 संध्याकाळी मुक्ता पेपर घेऊन समोर बसली.

"बाबा, ही वाक्यं कुठून घेतलीत?"

"सूत्रांकडून."

"मूळ कागद पाहिलात?"

"पाहिला." वही हा काही मूळ कागद नव्हे. पण त्या वेळी मला तो फरक नको होता.

"उद्या त्या स्पर्धेत मी बोलतेय. विषयाच्या विरुद्ध बाजूने. ती वाक्यं तिथे वाचू नका."

"का?"

"माझं ऐका, एवढंच."

मी ताठ झालो. म्हटलं, "मुक्ता, माझ्यावर दबाव आणायचा प्रयत्न मोठमोठ्यांनी केलाय."

तिने पेपरची घडी घातली. "बरं," म्हणाली, आणि उठून गेली.

सोमवारी सभागृह भरलेलं. शैला नाशिक रोडहून परस्पर आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. तिने माझा लेख वाचलेला नव्हता. माझा मेहुणा मुद्दाम दुसरा पेपर घेतो. मी माईक हातात घेतला आणि चारही वाक्यं, माझ्या शेऱ्यांसकट, खणखणीत आवाजात वाचली. पहिल्या वाक्याला शैलाच्या कपाळावर आठी. दुसऱ्याला तिने मान तिरकी केली. तहानभुकेला तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संतापली. वहाणेचं वाक्य आलं तेव्हा तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. माझ्या वाणीत तशी ताकद आहे.

मग स्पर्धा सुरू झाली. चौथी मुक्ता.

"पाहुण्यांनी वाचलेली चारही वाक्यं खरी आहेत," ती म्हणाली. "फक्त ती या कादंबऱ्यांत नाहीत. तेवीस वर्षांपूर्वी इथल्याच एका तरुणाने ती एका मुलीला लिहिली. निनावी पत्रांतून. त्या तरुणाने व्हॅम्पायरची एकही कादंबरी वाचलेली नव्हती. अजून नाही, अकरा पानं सोडली तर. मग त्याला कोणत्या पुस्तकाने बिघडवलं? पुस्तक बंद करून माळ्यावर टाकता येतं. ही वाक्यं पुस्तक नसलेल्या घरातही सापडतात. आणि पुस्तक वाचणाऱ्या मुलीला कोणी विचारलंय का, की बाई, तुला यातलं काय खरं वाटतं?"

टाळ्या पडल्या. माझं डोकं तापलेलं. रागात माणसाला आकडे ऐकू येत नाहीत, नाहीतर 'अकरा'लाच मी खाली बसलो असतो. मी उभा राहिलो आणि पाहुण्याने करू नये ते केलं, मध्ये बोललो.

"या विद्यार्थिनीकडे पुरावा असेल, तर तिने नाव सांगावं. असा माणूस आज उजळ माथ्याने फिरत असेल."

"फिरतोय, सर," मुक्ता म्हणाली.

"मग नाव सांगा."

"राहू द्या ना, सर."

"घाबरू नका. मी तुमच्या पाठीशी आहे. मूळ कागद आहे का?"

मुक्ताने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईनेच तिला पूर्वी दाखवलेला तो कागद, परीक्षकांनी विचारलंच तर असावा म्हणून, तिने सभागृहात आल्यावर आईकडे देऊन ठेवला होता. शैलाने पर्स उघडली. एक घडी हातोहात पुढे सरकत मंचावर आली. मी चष्मा लावला.

पिवळट न्यूजप्रिंटचे कातरलेले तुकडे. आम्ही बातम्या ज्यावर लिहायचो, तेच. प्रत्येक तुकड्याखाली उजव्या कोपऱ्यात 'पुढे चालू'. शेवटच्या तुकड्यावर, सही करायची हिंमत नसल्यामुळे, सहीच्या जागी दोन शब्द: 'आपला प्रतिनिधी'. आणि अक्षर? या अक्षरावरून चोवीस वर्षं कंपोझिटरांनी मला शिव्या घातल्या आहेत.

प्राध्यापकबाईंनी वाकून विचारलं, "नाव आहे का, सर?"

"नाव नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. मग माईकमध्ये म्हणालो, "कागद अस्सल आहे. मी तपासला." आणि बसलो. सभागृहाने माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

मुक्ताला दुसरं बक्षीस मिळालं. पाहुण्यांच्या हस्ते.

घरी आल्यावर शैलाने शांतपणे पूर्ण लेख वाचला. "चांगला लिहिलाय," म्हणाली.

"टोमणे नकोत."

"टोमणा नाही हो. सगळं बरोबर आहे. फक्त पत्ता चुकलाय."

मी हसायच्या बेतात होतो. ती हसत नव्हती.

"मला त्या पत्रांची भीती वाटायची," ती म्हणाली. "कोण आहे, कुठून बघतोय, काही कळायचं नाही. दोन आठवडे टायपिंगच्या क्लासला भावाला बरोबर घेऊन जायचे. रस्ता बदलून."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

चोवीस वर्षांत नगराध्यक्षांपासून हवालदारापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारले होते मी. हा राहिला होता.

"मग माझ्याशी लग्न का केलंस?"

"तुम्ही आमच्या कॉलनीत पाण्याची बातमी करायला आलात. हातात तेच पिवळे कागद. मी ओळखलं. बाहेर येऊन सांगितलं, परत पत्र लिहायचं नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि खरंच लिहिलं नाहीत. वर्षभर फिरकलाही नाहीत. मग दिवसाढवळ्या, समोरच्या दाराने, बाबांकडे आलात. त्या 'बरं'शी लग्न केलं मी. पत्रांशी नाही."

इथे एक सांगायला हवं. सासरेबुवांनी होकार दिला तो वेगळ्याच कारणाने. नाशिक रोडला 'प्रेस' म्हटलं की नोटांची प्रेस. मी म्हणालो, प्रेसमध्ये आहे. ते म्हणाले, कुठल्या सेक्शनला? मी म्हणालो, शहर. त्यांना वाटलं, नवीन सेक्शन निघाला. साखरपुड्यापर्यंत त्यांचा समज तसाच होता. म्हणजे शैलाच्या घरी मूळ कागद कोणीच तपासला नव्हता.

आतल्या खोलीत मुक्ता वाचत होती. तेच काळं पुस्तक. मी दारात उभा राहिलो.

"काल सांगितलं का नाहीस सरळ?"

"दबाव वाटला असता, बाबा."

मंचावर तिने नाव घेतलं नव्हतं. घरातल्या आम्हा तिघांशिवाय कोणाला काही कळलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर चोवीस वर्षांची कोरी पाटी कोरीच राहिली असती. रात्रभर मी तोच विचार केला, आणि दोन आठवडे रस्ता बदलून क्लासला जाणारी एक मुलगी सारखी मध्ये येत राहिली.

सकाळी संपादकांना म्हटलं, चूकदुरुस्ती छापायची आहे. माझ्या नावाची.

त्यांनी चष्मा काढला. "कोणी तक्रार केली?"

"दोन वाचकांनी."

मजकूर मीच लिहिला: 'रविवारच्या पुरवणीतील लेखात उद्धृत केलेली चार वाक्ये इंग्रजी कादंबरीतील रक्तपिपासू नायकाची नसून आमच्या प्रतिनिधीची आहेत. नायकाची विनाकारण बदनामी झाली, याबद्दल दिलगीर आहोत. शैलीविषयीचे मत मात्र कायम आहे.' आणि खाली हट्टाने माझं पूर्ण नाव छापायला लावलं.

शैलाने ती चौकट कात्रीने कापली आणि ती पिवळी पत्रं ज्यात जपली होती त्या डब्यात सगळ्यांत वर ठेवली. "शेवटी सही केलीत," म्हणाली.

ऑफिसातल्या पोरांनीही ती वाचली. त्या दिवसापासून मला 'मूळ कागद' म्हणणं त्यांनी सोडलं. आता मी आत शिरलो की कोणीतरी टपरीवाल्याला खिडकीतून सांगतं, "एक चहा वाढव रे, तहानभूक आले."