नाथाजीच्या विहिरीचं पाणी

नाथाजीला गुंडाचं काहीच बघवत नसे. मिरजेजवळ दोघांचे पानमळे बांधाला बांध लागून होते. बासष्ट सालापर्यंत दोघांचीही पानं सारखीच किडकी, त्यामुळे दोस्तीही बरी होती. मग गुंडानं पंप आणून औषध फवारलं आणि त्याची पानं अशी तजेलदार झाली की पानबाजारात दलाल आधी त्याच्याच करंड्यांकडे वळू लागले. फवारलेलं पान लोक तसंच तोंडात घालत होते, पण तेव्हा त्याची फिकीर होती कुणाला? नाथाजीचा जळफळाट झाला तो त्या करंड्यांपायी.

एकच समाधान होतं. गुंडाच्या विहिरीचं पाणी मळ्याला चालायचं, पण मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही. म्हणून गुंडाची बायको अंबूबाई रोज सकाळी घागर घेऊन नाथाजीच्या विहिरीवर यायची. विहीर खोदली तेव्हा पाणी नितळ राहावं म्हणून नाथाजीनं कृष्णेतले मासे आणून सोडले होते. अंबूबाई आली की हा मुद्दाम पायऱ्यांवर उभा राहायचा.

"न्या की वैनी, पोटभर न्या. आमच्या पान्याला काय तोटा हाय?" असं मोठ्यानं, बांधापलीकडं ऐकू जाईल इतकं.

शेवटी त्यानंही फवारायचं ठरवलं. पण गुंडाकडं पंप मागायचा? जीव गेला तरी नाही! त्यानं मेहुण्याकडचा आणला. आता पानमळ्याचं सोवळं कडक. वहाणा बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मग कुणाकुणाच्या रानातून फिरलेला पंप तसाच आत कसा न्यायचा? नाथाजी तो घेऊन विहिरीत उतरला. पाणी भरून खळखळ हलवलं, ओतलं, पुन्हा भरलं. लख्ख धुऊनच वर आला आणि गुंडा बघतोय का याकडं एक डोळा ठेवून दुप्पट औषध मारलं.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते.

"गुंड्याचंच काम!" नाथाजी ओरडला. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला आनंदच झाला. आता गावाला कळेल हा माणूस कसा आहे ते.

त्याची बायको तानुबाई पाण्याकडं बघत म्हणाली, "काल पंप कुठं धुतला तुमी?"

नाथाजीनं पायऱ्यांकडं बघितलं; पंपातलं पाणी त्यानं तिथंच ओतलं होतं. तेवढ्यात अंबूबाईची घागर दिसली. तो धावत जाऊन पायरीवर तिच्या आडवा उभा राहिला. "वैनी, नगा न्हिऊ! इख पडलंय त्यात. म्याच टाकलंय."

गुंडा आला. त्यानं तरंगणारे मासे बघितले. मग काठावर टेकला.

"पंप माज्या दारात हुता की रं, नाथा. मागायचा हुतास. मी लांब माळावर न्हिऊन धुतो. तुज्या पान्याला लागू नये म्हनून." पाण्याकडं बघत तो म्हणाला, "लय हेवा वाटायचा रं मला ह्या पान्याचा."

हेच परवा ऐकलं असतं तर नाथाजीनं गावभर सांगितलं असतं. आता तो मेलेले मासे पाटीत भरत राहिला. तानुबाई रिकामी घागर घेऊन अंबूबाईबरोबर ओढ्याकडं निघाली.