धुळाप्पाच्या रायफलीची दुर्बीण

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हंतात, पर तुमाला कळाय पायजे म्हून सांगते, धुळाप्पा. फौजेतनं रिटायर झालेला मानूस. आमच्या गावात परवान्याची रायफल एकट्या ह्यांच्याकडं. रानडुकरं मक्यात शिरली की वनखात्याची परवानगी निघती आन गाव ह्यांना बोलवतं. गेल्या साली डुक्कर वाचलं आन गुरुबसप्पाची पाण्याची टाकी मेली! नजर अधू झाली हे अख्ख्या गावाला ठावं, ह्यांना तेवढं न्हाय. चष्म्याचं नाव काढलं की, "फौजी हाय मी!" औंदा नेम चुकला तर गाव दुसऱ्याला बोलवनार, ह्या धास्तीनं ह्यांनी रायफलीवर दुर्बीण बसवायचं ठरवलं.

सोलापुरात बंदुकीच्या दुकानाचा मालक गुरुशांत सांगून दमला. "काका, ही नको. आतल्या नेम धरायच्या रेघा केसावानी बारीक, दिवस मावळताना दिसनार न्हाईत. डोळाबी लई जवळ न्यावा लागतो, आन रायफल मागं दणका देती." ह्यांनी तीच घेतली. का, तर आत आकडे जास्त! पयल्याच बाराला दुर्बीण कपाळात बसली, भुवईला तीन टाके. डुक्कर गेलं निवांत चालत.

खंडेनवमीला मी इळा, कुऱ्हाड, रायफल समदं पुजलं. हळदीकुंकवाची बोटं ओढताना दुर्बिणीच्या दोन्ही काचा माखल्या, माझ्या ध्यानातच न्हाय. ह्यांनी डोळा लावला आन म्हनलं, "लख्ख दिसतंय की!"

आदी मला हसू फुटलं. मग ध्यानात आलं, ह्याच नजरंनं हे बार काढत्यात.

दसरा झाल्यावर मीच ह्यांना त्याच दुकानात नेलं. "अवो, आता मी निवडनार. तुमी गप ऱ्हावा." कडंला जाड आन मधी बारीक, अशी साधी फुली असलेली दुर्बीण काढाय लावली. डोळ्यापासनं चार बोटं लांब धरली तरी पुरं गोल दिसत हुतं. गुरुशांतनं मला रस्त्यापल्याड हुबं केलं, दारात ह्यांच्या डोळ्याला दुर्बीण लावली आन नजरंला जुळवायचं मागचं कडं हळूहळू फिरवलं.

ह्यांची मान एकदम थांबली. मग भर रस्त्यात वरडलं, "वच्छला, तुजं केस कवा गं पिकलं?"

"सात वर्सं झाली!" मीबी वरडले. "तुमीच बघितलं न्हाय!"

ह्यांनी दुर्बीण खाली ठिवली. मी रस्ता वलांडून येस्तवर ह्यांनी गुरुशांतला इचारलंबी हुतं, "चष्म्याचं दुकान कुटं हाय रं?"