डावी बाजू

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण मेंदूला डावीकडचं दिसत नाही."

या आजाराला होमोनिमस हेमिअ‍ॅनोपिया म्हणतात. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं अर्धं दिसेनासं होतं.

मला पटलं नाही. काळा पडदा नव्हता, अंधुकही नव्हतं. मला सगळं दिसत होतं.

त्याच्या महिनाभर आधी नेहरू नगरजवळ हायवेवर मी स्कूटरवरून पडलो होतो. डोक्यात मागच्या बाजूला, उजवीकडे रक्तस्राव झाला. घरी आल्यापासून डावा खांदा दारावर आपटायचा. जेवताना मी म्हणालो, "भाजी वाढलीच नाही?" सुषमाने, माझ्या बायकोने, ताट फिरवलं. भाजी समोर आली.

पेरिमेट्री केली. या तपासणीत मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि दिवा चमकला की बटन दाबायचं. बराच वेळ दिवा चमकलाच नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. रिपोर्टमध्ये डावा अर्धा भाग काळा होता.

"स्कूटर नाही. क्रेन तर नाहीच," डॉक्टर म्हणाले.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. वीस वर्षं क्रेनच चालवली. खाली माणसं चालतात, वरून टनावारी लोखंड जातं. मी रिपोर्ट कपाटात खाली दडवला. घरी सांगितलं, "सगळं ठीक आहे," आणि पुन्हा क्रेनवर जाऊ लागलो.

दोन महिन्यांनी सुषमाला स्कूटरवर मागे बसवून जवळच्या उतई गावाला निघालो. सकाळची वेळ. रस्ता मोकळा होता. शपथेवर सांगतो, मोकळा होता.

"अहो, बाई!" सुषमा किंचाळली.

ब्रेक दाबला. चाक एका म्हातारीच्या लुगड्याला टेकलं होतं. तिच्या टोपलीतले टमाटे रस्त्यावर पसरले होते.

"दिखय नहीं का गा?" ती तिथल्या बोलीत म्हणाली.

आम्ही टमाटे वेचून दिले. मग सुषमाने विचारलं, "तुमाले ते दिसलीच नाही?"

"नाही."

"डाक्टर काय म्हणले होते? खरं सांगा."

मी सांगितलं. ती रडली नाही. स्कूटरची चावी काढून तिने मुठीत धरली. "आन् तुमी क्रेनवर जाऊन राहिले होते?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रिपोर्ट घेऊन प्लांटच्या डॉक्टरांकडे गेलो. आता स्टोअरमध्ये बसतो. डॉक्टरांनी मला मान डावीकडे वळवून बघायची सवय लावली, तिला स्कॅनिंग म्हणतात. गेलेली नजर परतली नाही. आता परतेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

डोक्याला मार लागलेलं तुमच्या घरी कोणी "मला सगळं दिसतं" म्हणत असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. तपासणी करून घ्या. सगळं दिसतं असं म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो, तरी ते खरं नव्हतं.

सुषमा आता माझ्या डावीकडून चालते. मधेच ती गप्प झाली की मला भीती वाटते.

"आहेस ना?"

"हाय नं जी. चाला."